रोज करत होतो

हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटता मिटता श्रवणयंत्रांसाठी कानाचे साचे करणाऱ्या साचेवाल्याने मध्ये पाय घातला, आत शिरला आणि बाकीच्यांना न जुमानता सरळ त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हात गार होते आणि जरा चिकट. कानात भरायच्या लगद्याचा वास त्यांना कायमचा बसलेला. "काल रिपोर्ट आला," साचेवाला म्हणाला, "बायकोची गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब तुमचं. मी म्हटलं, नशीब कसलं बाई, आमच्या इथला एक माणूस प्रार्थना करतोय तिच्यासाठी." लिफ्टमधल्या दोघातिघांनी माना वळवल्या. अशा वेळी म्हणायची वाक्यं त्याला ठाऊक होती. देव चांगला आहे, एवढं म्हणून सुटता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण साचेवाल्याचे डोळे भरून आले होते, लिफ्ट रडतखडत चढत होती, सगळे बघत होते, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "रोज करत होतो." साचेवाल्याने त्याचा हात आणखी घट्ट दाबला. लिफ्ट थांबली, माणसं बाहेर पडली, आणि आपण काय बोललो हे त्याला दिवे लावलेल्या लांब पॅसेजमध्ये चालायला लागल्यावर कळलं.

एकदाही केली नव्हती. साचेवाल्याच्या बायकोच्या गळ्यात गाठ आहे हे कळलं तेव्हा "प्रार्थना करतो" असं तो म्हणाला होता, हे खरं. तेव्हा तो करणारही होता; म्हणजे करायची नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं. मग ते राहिलं. ऑपरेशनच्या आधी साचेवाल्याने पुन्हा आठवण केली तेव्हा त्याने मान हलवली, आणि मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असं त्याचं मत होतं. पण 'रोज करत होतो' हे बोलणं होतं. त्यातला 'रोज' तर कुणी मागितलासुद्धा नव्हता, तो त्याने पदरचा घातला होता. खोलीचं कुलूप काढताना त्याला पहिला राग आला तो साचेवाल्याचाच. भर लिफ्टमध्ये माणसाचा हात धरायची ही कुठली रीत? हा माणूस ज्याच्या दारावरून जाईल त्या देवाला हात जोडणारा. डॉक्टरला नमस्कार, औषधाच्या बाटलीला नमस्कार, त्यातलाच एक नमस्कार आपल्या प्रार्थनेला. असल्याला खरं सांगितलं काय आणि खोटं सांगितलं काय, पालथ्या घड्यावर पाणी. असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते पटेना, म्हणून तो आणखी चिडला.

तो कान तपासायचा. जाड गाद्यांच्या भिंतींची एक बंद खोली, तिला काचेची खिडकी, आत खुर्चीवर माणूस, त्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण. बाहेर यंत्रापाशी हा. आवाज आला की बटण दाबायचं, नाही आला तर नाही दाबायचं, इतका सोपा व्यवहार. आणि इतक्या सोप्या व्यवहारातही माणसं खोटं बोलतात, हे ज्ञान त्याने इतक्या वर्षांच्या नोकरीत कमावलं होतं. म्हातारे तर सर्रास. बाहेर सून बसलेली असते, मुलाने अर्ध्या दिवसाची रजा काढलेली असते, मग बहिरं कसं ठरायचं? आवाज नसतानाही ते अंदाजाने बटण दाबत, तोंडावर मन लावून ऐकत असल्याचा भाव आणून. त्यांना पकडायची त्याची स्वतःची एक युक्ती होती. मध्येच तो आवाज सोडणंच बंद करायचा आणि नुसता खिडकीतून बघत राहायचा. आतला माणूस जरा वेळ दम धरी, मग चुळबुळ करी, मग त्याचा अंगठा हळूच खाली जाई. काहीच वाजलेलं नसताना. त्या क्षणी त्याला एक बारीकसं सुख होत असे आणि त्या सुखाला त्याने कधी नाव दिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्याच आलेल्या आजीबाईंनी अशा रिकाम्या शांततेत ओळीने बटण दाबलं आणि वर खिडकीतून त्याच्याकडे बघून हसल्या. त्याने आत जाऊन हेडफोन काढले आणि मोठ्याने, शब्द सोडवून सांगितलं, "आजी, आवाज नव्हताच." आजीबाई जराही ओशाळल्या नाहीत. "असं होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही एवढे तिथं बसलाय, म्हणजे काहीतरी वाजवतच असाल." असल्या भाबडेपणाची त्याला मनापासून किळस होती. भाबडेपणा म्हणजे आळशी माणसाचं खोटं, असं तो म्हणत असे, आणि हे वाक्य आपल्याला सुचलं याचा त्याला अभिमान होता. आज ते वाक्य मनात आलं आणि तसंच अर्धवट राहिलं, कारण आजीबाई काही न वाजता हसल्या होत्या तसाच साचेवाल्याने लिफ्टमध्ये त्याचा हात दाबला होता, आणि तिथे यंत्रापाशी कोण बसलं होतं?

चर्चच्या मंडळीत त्याला रोखठोक म्हणत. हे नाव मेहुण्याने ठेवलं होतं, चिडवायला, पण त्याला ते आवडायचं. मेहुण्याबद्दल त्याचं मत असं की जिभेला हाड नसतं हे सिद्ध करण्यासाठीच देवाने हा मनुष्य घडवला. दर रविवारी उपासना संपत आली की मेहुणा साक्ष द्यायला उभा राहणार. ह्या आठवड्यात प्रभूने मला गाडी लावायला जागा दिली, प्रभूने माझी सर्दी काढून टाकली. मागची रांग स्तुती असो म्हणणार, पुढची रांग आमेन म्हणणार, आणि पाळक डोळे मिटून मान डोलावणार, जसं काही सर्दीचं त्यांना आधीच वरून कळवण्यात आलं होतं. पाळकांचंही एक वाक्य ठरलेलं होतं. कुणीही काहीही सांगा, नोकरी गेली, पोर नापास झालं, गुडघा दुखतो, पाळक खांद्यावर हात ठेवून म्हणत, "मी तुम्हाला प्रार्थनेत आठवतो." एवढ्या सगळ्यांना जर ते खरोखर आठवत असते तर त्यांना जेवायला वेळ मिळाला नसता, आणि त्यांच्या पोटाकडे बघून तसं काही वाटत नव्हतं. हा विनोद त्याने एकदा बायकोला सांगितला होता. ती हसली नव्हती. मंडळीतली माणसं 'प्रार्थना करतो' हे 'बरंय, येतो' सारखं वापरतात, हे त्याने अनेकदा, अनेकांना, तोंडावर सांगितलं होतं. करायची नसेल तर म्हणू नका. हो तर हो, नाही तर नाही. त्याला आणखी शेपूट लावायचं ते सैतानाने. अशा वेळी लोक खाली बघत, आणि त्यांच्या खाली बघण्यावर तो घरापर्यंत ताठ चालत जाई. नाकाने कांदे सोलतो म्हणून पाठीमागे बोललं जायचं ते त्याच्या कानावर यायचं. खाई त्याला खवखवे, असं म्हणून तो सोडून देई. आणि आता तो स्वतः त्याच रांगेत उभा होता, सर्दीवाल्या मेहुण्याच्या आणि पोटवाल्या पाळकांच्या मध्ये. खोटं बोलल्याचं पाप त्याला इतकं टोचत नव्हतं, जितकी ही संगत टोचत होती.

दुपारी डबा उघडायच्या आत साचेवाला खुर्ची ओढून समोर येऊन बसला. "तुमच्या पाळकसाहेबांशी बोललो फोनवर," तो म्हणाला. "नंबर शोधून काढला. रविवारी आम्ही दोघं येतोय. मला उभं राहून चार शब्द बोलायचेत."

"कसले शब्द?"

"आता कसले म्हणजे! तुमचे उपकार. पाळकसाहेब तर खूश झाले एकदम. म्हणाले, त्यांच्याबद्दल असं कुणी सांगितलं तर मंडळीला फार बरं वाटेल." साचेवाल्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू का? मी म्हटलं ना त्यांना, बाकी कुणी म्हणालं असतं तर मी धरून चाललो नसतो. लोक म्हणतात तोंडदेखलं. पण तुमचं तसं नाही. तुम्ही माझे साचे चार माणसांत परत पाठवलेत, हा कानात बसत नाही म्हणून. तेव्हा तोंडावर बोललात. म्हणून म्हटलं, हा माणूस करतो म्हणाला तर करणार."

पाळकांना त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं ऐकायला मिळालं म्हणून बरं वाटलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. साचेवाला जेवता जेवता बोलत होता. बायकोला आता गिळताना दुखत नाही. ती नवीन साडी काढणार आहे रविवारसाठी. तुमच्यात डोक्यावर पदर लागतो का. "लागत नाही," तो म्हणाला. दिवसभरात साचेवाल्याला त्याने सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

दुपारी रोगी कमी होते. रिकाम्या बंद खोलीत जाऊन तो खुर्चीवर बसला, दार ओढून घेतलं. तिथे बसलं की बाहेरचं सगळं तुटतं आणि माणसाला स्वतःच्याच अंगाचे आवाज यायला लागतात, पोटातले, मानेतल्या शिरेचे. लहानपणी बाबांच्या बोटाला धरून चर्चमधून परत येताना तो असाच गप्प असे. बाबा म्हणजे त्याच्या लेखी सरळपणाचा शेवटचा शब्द. दुकानदाराला, मास्तरांना, पाहुण्यांना, बाबा जे असेल ते सांगत, आणि माणसं त्यांना टरकून असत. आई तशी नव्हती. आई शेजारणीच्या काळ्याढुस्स केकला छान झालाय म्हणे, आणि तो लहानपणापासून आईला मनातल्या मनात कमी गुण देत आला होता. आई मंडळीत गायची, पहिल्या रांगेत. एका रविवारी घरी येताना तिने बाबांना विचारलं, "आज कसं झालं?" सगळे छान म्हणाले होते, तिला फक्त आणखी एकदा ऐकायचं होतं. बाबा म्हणाले, "तू बेसूर होतीस. वरच्या पट्टीत तर आवाजच फुटत नव्हता." आई "हं" म्हणाली. पुढच्या रविवारी ती मागच्या बाकावर बसली, आणि नंतर मागेच बसली, मरेपर्यंत. घरात भांडी घासतानाची गुणगुणसुद्धा थांबली. त्याला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता. सगळं गाव छान म्हणतंय आणि एकटा माणूस खरं बोलतोय, हे त्याने आयुष्यभर उराशी धरलं. आता त्या गादीच्या भिंतींत त्याला आईचा आवाज ऐकू आला, कुठल्या गाण्यातला ते कळेना, पण वरच्या पट्टीतला, आणि तो आवाज सुरात होता. इतकी वर्षं कान तपासणाऱ्या माणसाला एवढं कळतं. बाबांना शेवटी शेवटी त्याने ह्याच खुर्चीवर बसवलं होतं. वरच्या पट्टीतलं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, आणि हे दुखणं फार जुनं आहे, तरुणपणापासूनचं असावं, असं त्याने स्वतःच त्यांना सांगितलं होतं. ही दोन टोकं त्याने कधी जोडून पाहिली नव्हती. बाबा खोटं बोलले नव्हते; त्यांना जे ऐकू आलं तेच ते म्हणाले. पण इतरांना काय ऐकू येतंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्याला बाबांचा राग आला, मग लगेच आईचा, की ती भांडली का नाही. त्याने दार ढकललं आणि बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तो साचेवाल्याची टिंगल करत होता, पदराची, नवीन साडीची, पाळकांच्या खूश होण्याची. तिने घडी घालता घालता विचारलं, "पण तुम्ही खरंच करत होतात? मला कधी बोलला नाहीत."

"नव्हतो करत."

"मग?"

"मग काय. निघून गेलं तोंडातून."

तो वाट बघत राहिला. ती चिडेल, निदान भुवया तरी उंचावेल, असं त्याला वाटलं होतं; त्याला ते हवंही होतं. इतकी वर्षं तिने त्याचं रोखठोकपण सोसलं होतं, तिच्या भावाच्या साक्षींवर त्याने ओढलेले कोरडे ऐकले होते, तिच्या आईला तो काय काय बोलला ते पोटात घातलं होतं. आज तिची पाळी होती. पण तिने उशीचा अभ्रा झटकला आणि अगदी मायेने म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात. सगळेच म्हणतात."

सगळेच. तिच्यावर तो ओरडला नाही, पण जेवलाही नाही. आपण पडलो तर निदान मोठ्या उंचीवरून पडलो असं कुणीतरी म्हणावं, अशी त्याची माफक अपेक्षा होती, आणि हिने तर तो खालीच उभा होता असं धरून चालून घड्या पुढे चालू ठेवल्या. त्याने ठरवलं, उद्या साचेवाल्याला सांगायचं. रविवारच्या आत, सरळ, तोंडावर. निजताना त्याला जरा हुशारी वाटली. मेहुण्याने हे केलं असतं का? पाळकांनी? जन्मात नाही. चूक करणारे पुष्कळ, पण ती कबूल करणारा एकच निघेल, आणि तो कोण हे रविवारी मंडळीला कळेल. खोटं बोलूनही आपण त्यांच्यापेक्षा खरे ठरणार, हा हिशेब त्याला इतका आवडला की त्यावर तो शांत झोपला.

सकाळी साचेवाला आपल्या खोलीत पातीने एक साचा तासत बसला होता. बोटाच्या पेराएवढा, कुणाच्या तरी कानाचा आतला आकार. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमच्या बायकोसाठी मी प्रार्थना केली नव्हती. एकदाही नाही."

बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. बरं म्हणजे वरचढ. साचेवाला आता एक तर भडकेल किंवा असू द्या म्हणेल, आणि दोन्हींवर त्याची उत्तरं तयार होती. साचेवाल्याने पाती खाली ठेवली.

"एकदाही नाही?"

"नाही."

"हं." साचेवाल्याने हातातला साचा उलटा करून पाहिला. "ती झोपेतून दचकून उठायची हो. मी म्हणायचो, झोप, एक माणूस आहे, खरा माणूस आहे, तो रोज देवाजवळ तुझी आठवण काढतो. मग झोपायची. म्हणजे मी तिला खोटंच सांगत होतो म्हणायचं."

"तुमचं ते खोटं नव्हे," तो समजावत म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं. माझं ते खोटं."

"मग रविवारी?"

"येऊ नका. नाहीतर या, आणि झालं ते जसंच्या तसं सांगा. माझी हरकत नाही." हे वाक्य त्याने येताना रस्त्यात बांधलं होतं आणि ते छान बसलं.

साचेवाल्याचं मात्र त्या वाक्याकडे लक्ष नव्हतं. तो कापडाला हात पुसत होता, एकेक बोट करून. "मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण तिला पुन्हा तपासायला बोलावलंय. पुन्हा घाबरणारच ती. आणि मला काही तिला जाऊन सांगवणार नाही की कुणी नव्हतं म्हणून." तो उठून उभा राहिला. "तुम्ही आत्ता करता का? मी इथंच थांबतो. म्हणजे आजपासून तरी ते खरं होईल."

नाही म्हणता आलं असतं. नाही तर नाही, हे त्यानेच जगाला शिकवलं होतं. पण साचेवाल्याने पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या होत्या, हात जोडले होते आणि डोळे गच्च मिटले होते, आणि त्याच्याकडे बघताना ओठावर आलेली टिंगल आज बाहेर पडेना. त्याने डोळे मिटले. कुणाची प्रार्थना कुठे फसते हे त्याला सगळ्यात चांगलं माहीत होतं, कोण मोठ्याने करतो, कोण ठेवणीतले शब्द काढतो, कोण देवाला सांगायच्या आडून माणसांना सुनावतो. "हे स्वर्गीय पित्या," त्याने सुरुवात केली. आवाज चांगला लागला. "तुझ्या ह्या लेकीला, तुझ्या ह्या..." आणि तो थांबला. भगिनीला? हा मेहुण्याचा शब्द. रुग्ण स्त्रीला? ह्यांच्या पत्नीला? दुसऱ्या कुणाच्या तोंडून ह्यातलं काहीही आलं असतं तर घरी जाताना त्याने त्याचं भुस्कट पाडलं असतं. त्याने शोधलं. गाठ कुठे होती ते आठवलं, ऑपरेशन कुठल्या डॉक्टरीणबाईंनी केलं ते आठवलं, साडीचं आठवलं. ते एवढं मात्र कुठेच सापडेना, कारण त्याने ते कधी घेतलंच नव्हतं. शांतता लांबत चालली आणि समोरचा माणूस ती संपायची वाट बघत राहिला.

त्याने डोळे उघडले. "त्यांचं नाव काय?" त्याने विचारलं.

साचेवाल्यानेही डोळे उघडले. राग नव्हता त्यांत. असता तर उत्तर देता आलं असतं. जोडलेले हात तसेच ठेवून त्याने बायकोचं नाव सांगितलं. तो नुसताच बघत राहिलेला दिसला, तेव्हा साचेवाल्याने एक पाऊल जवळ येऊन ते पुन्हा सांगितलं, ह्या वेळी मोठ्याने, सावकाश, ओठ पूर्ण उघडून, इथे येणाऱ्या रोग्यांशी ते सगळेच बोलत तसं.